काठवटीतला तारा

माझ्या नवऱ्याने मोखाडा तालुक्यात उल्का पाडली ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून. समोर आमटी निवत होती आणि हा मोबाइलवर नकाशा दोन बोटांनी ताणत होता. "हे बघ," तो म्हणाला, "गोल. अगदी कंपासने काढल्यासारखं." मी चष्मा लावून पाहिलं. हिरव्या डोंगरांच्या मधोमध एक वाटोळा खोलगट भाग होता, त्यात चार-दोन घरांचे ठिपके होते. "दरी असेल," मी म्हणाले. श्रीधरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या कुळालाच काही बोलले होते.

श्रीधर सगळा जन्म काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता. निवृत्त झाल्यावर माणसं बाग लावतात, नाहीतर सोसायटीच्या मिटिंगमध्ये भांडतात. ह्याने दगड धरले. एकदा लोणारचं सरोवर पाहून आला आणि तेव्हापासून कुठलीही गोल वस्तू दिसली की ती आकाशातून कोणीतरी पाडली असणार, असं त्याला वाटायला लागलं. त्यात हे विवर नाशिकपासून इतक्या जवळ, त्र्यंबक ओलांडून मोखाड्याच्या बाजूला! नकाशा सापडल्याच्या आठवड्यातच त्याने आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर व्याख्यान ठरवून टाकलं. 'आपल्या शेजारचं लोणार' असा फलक रंगवूनही झाला. दिवाणखान्यातल्या शोकेसचा मधला कप्पा त्याने माझा चहाचा सेट हलवून रिकामा केला. तिथे विवरातला दगड येणार होता.

मी म्हटलं, "आधी जाऊन तर ये."

"जाऊन येऊ," तो म्हणाला. मग मलाही बॅग भरावी लागली.

जव्हार

दसरा होऊन गेला होता. घाट उतरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात कापून झालेली खाचरं दिसत होती आणि त्यांत जागोजाग उडव्या उभ्या होत्या. कापलेल्या भाताचे भारे झोडणीपर्यंत गोल रचून ठेवतात, दाण्याची टोकं आत आणि काड्यांची बुडखी बाहेर, त्याला उडवी म्हणतात. माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे मला त्या ओळखीच्या. नाशिकला द्राक्षांच्या मांडवांमध्ये राहून राहून मी त्या विसरले होते. श्रीधरला मात्र त्यांचं काही नव्हतं. तो नकाशा आणि डोंगर यांची जुळणी करत होता, आणि गाडी मी चालवत होते म्हणून आम्ही दोघे जिवंत पोचलो.

जव्हार थंड, उंच आणि निवांत गाव आहे. आम्ही उतरलो त्या लॉजच्या मालकांना श्रीधरने सामान ठेवायच्या आधीच विचारलं, "इथे जवळपास उल्केमुळे पडलेलं एक विवर आहे, तुम्हाला कल्पना असेल."

"विवर म्हणजे?"

"मोठा गोल खड्डा."

मालक प्रसन्न हसले. "खड्डे होय! कुठल्या रस्त्यावरचा हवाय ते सांगा."

संध्याकाळी सगळे जातात म्हणून आम्हीही सूर्यास्त बघायला टेकडीवर गेलो. कॉलेजची मुलं, नवीन लग्न झालेली जोडपी, सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे. आमचा एकटा माणूस पूर्वेकडे तोंड करून, दुर्बीण डोळ्याला लावून. एका मुलीने आपल्या मैत्रिणीला कोपराने डिवचलं. मी त्यांच्यातलीच असल्यासारखी चार पावलं बाजूला सरकले.

रात्री जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी होती. नाशिकच्या हॉटेलांत नागलीची भाकरी 'हेल्दी' म्हणून मिळते आणि ती खाताना आपण औषध घेतोय असं वाटतं. इथे ती तव्यावरून थेट ताटात आली, मऊ, कडेला जराशी करपलेली. श्रीधरला साखरेचा त्रास असल्यामुळे भात बंद आहे. त्याने तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाला, "उद्या ह्या वेळेला बघ." काय बघ ते मी विचारलं नाही. मला मधल्या कप्प्याची काळजी वाटायला लागली होती. व्याख्यानाचं आमंत्रण त्याने त्याच्या कारखान्यातल्या जुन्या साहेबांनाही दिलं होतं. हा माणूस चाळीस माणसांसमोर तोंडावर पडला तर तो महिनाभर जेवणार नाही, हे मला माहीत होतं.

खोडाळा

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याला पोचलो तो आठवड्याचा बाजार. सुक्या मासळीच्या राशी, बांगड्या, प्लास्टिकच्या बादल्या, धार लावून ठेवलेले विळे, बांबूच्या टोपल्या आणि ह्या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी जीप. श्रीधर दिसेल त्याला विवराचा पत्ता विचारत सुटला. मोबाइलवरचं चित्र पाहून एकाने ते धरणाचं आहे असं सांगितलं, दुसऱ्याने पोशेरा गावाकडे बोट केलं.

मी तोवर एका बाईपाशी काकड्या बघत होते. इकडच्या शेतांवरच्या ह्या काकड्या भोपळ्याएवढ्या होतात आणि पिकून पिवळ्या पडतात. बाई साठीच्या आतबाहेरची, काटक, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत कसून नेसलेली. नाव मंगळी. श्रीधर आमच्याजवळ येऊन तेच चित्र मला पुन्हा दाखवायला लागला तेव्हा तिने मान लांब करून पाहिलं.

"ही तर आमची काठवट," ती म्हणाली.

काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. त्या गोल दरीला तिथली माणसं काठवट म्हणतात, आणि तळाशी जी वस्ती आहे तो काठवटपाडा. मंगळीबाई तिथलीच. श्रीधरचा चेहरा असा उजळला की मी उरलेल्या सगळ्या काकड्या घेऊन टाकल्या आणि तिला गाडीत बसवलं. नाहीतर तिला संध्याकाळपर्यंत जीपची वाट बघावी लागली असती.

"तुमी दगडं वलखता?" गाडी सुरू झाल्यावर तिने मागून विचारलं.

"थोडेफार," श्रीधर म्हणाला. एवढी नम्रता मी त्याच्यात पहिल्यांदाच पाहिली.

"मंग बेस झाला. आमच्या पाड्यावर तारा पडला हाय. त्याचा दगड हाय देवीकडं."

श्रीधर सीटवर पूर्ण वळून बसला. त्याचा पट्टा त्याच्या गळ्याशी अडकला, तरी त्याला त्याचं भान नव्हतं. तारा! दगड! कधी पडला? कुणी पाहिला?

"लय साल झाली. माझ्याच उडवीवर पडला," मंगळीबाई म्हणाली. "समदा भात जलला. राखेत दगड गावला." मग तिने विचारलं, "साहेब, तारा पडतो ता बगून पडतो का?"

"म्हणजे?"

हळूहळू तिने सांगितलं. पाड्यात नवा भात आला की आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला द्यायचा. प्रत्येक घरातून मूठमूठ नवं भात एका सुपात गोळा होतं, ते कांडून देवीपुढे शिजतं आणि मगच घराघरांत नवं खातात. त्याआधी नव्या दाण्याला कुणी तोंड लावायचं नाही. त्या वर्षी मंगळीबाईची लेक बाळंतपणाला आली होती. तिला ताप होता आणि घरातला जुना तांदूळ संपला होता. मंगळीबाईने उभ्या शेतातल्या चार लोंब्या खुडून, भाजून, कांडून पोरीला पेज पाजली. "पोरीचा त्वांड सुकला व्हता," ती म्हणाली. थोड्याच दिवसांत कापणी झाली, उडवी रचली आणि एका रात्री तारा पडून ती जळाली. सगळ्या खाचरांत उडव्या उभ्या होत्या, जळाली फक्त तिची. पाड्यात कुणी तिला वाईट बोललं नाही. पण त्या वर्षापासून देवीच्या सुपात तिच्या घरची मूठ घेत नाहीत. देवीचं नवं सगळ्यांचं होऊन गेल्यावर ती आपल्या चुलीवर वेगळं शिजवते.

"म्हून इचारला," ती म्हणाली. "बगून पडत नसंल तं मंग येवढ्या रानात माजीच उडवी कशी?"

श्रीधरने उल्का कशा पडतात, त्यांना माणसं दिसत नाहीत, लोंब्या दिसत नाहीत, हे जीव तोडून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिला ते पटलं नाही, हे मला आरशात स्पष्ट दिसलं.

माझ्या माहेरी नव्याच्या पौर्णिमेला दाराला भाताच्या लोंब्या बांधतात आणि खीर करतात. त्याआधी नवा तांदूळ कुणी खाल्ला तर काय होईल, हा विचार आमच्या घरात कुणाच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही. दुकानातला तांदूळ नवा की जुना, एवढंच आम्ही विचारायचो, आणि तेही भात चिकट होऊ नये म्हणून.

काठवटीच्या काठावर पोचलो आणि मी गाडीतून उतरून कडेशी गेले. खाली अख्खं गाव मावेल एवढी गोल दरी, तिच्या उतारांवर पिवळं गवत आणि तळाला ताटात वाढल्यासारखी खाचरं. श्रीधर म्हणाला, "काय म्हटलं होतं?" मी म्हटलं, "मानलं बाबा." त्या क्षणी मलाही वाटलं की आकाशातून काहीतरी इथे नक्कीच पडलंय.

गाडी काठावर ठेवून पायवाटेने उतरायचं होतं. श्रीधरने आपली हत्यारं काढली: होकायंत्र, भिंग, छोटा हातोडा आणि दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक. दिसेल त्या काळ्या दगडाशी तो चुंबक नेऊन धरायचा, ते दगडाकडे ओढ घ्यायचं आणि हा टाळी वाजवायचा. मग मंगळीबाईने वाटेतला एक दगड पायाने सरकवून दिला, चुंबकाने तिथेही ओढ घेतली. पुढे एका घरापाशी पडलेल्या फुटक्या जात्याकडेही घेतली. त्यानंतर टाळ्या कमी झाल्या. सगळ्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोखंड आहे, हे त्याला माहीत होतं. आनंदात तो ते विसरला होता.

दुसरी गोष्ट मला त्याने वाटेतच सांगितली होती. लोणारला काठावरचे खडकाचे थर धक्क्याने वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेत. इथेही तसेच हवेत. एका तुटक्या कड्यापाशी तो थर बघायला वाट सोडून गेला आणि सुक्या गवतावरून पाय घसरून बसल्याबसल्या बरंच खाली गेला. पँट मागून फाटली. मी धावले, तर तो तिथेच बसून वर कड्याकडे बघत होता. थर सरळ होते. घडी घालून ठेवलेल्या चादरींसारखे, एकावर एक, आडवे.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. लागल्याबद्दल म्हणत होता की थरांबद्दल, कळलं नाही. मग पायाशी पडलेली एक गारगोटी त्याने उचलून फोडली. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड दगड, आत लखलखीत पांढरे स्फटिक. अशा गारगोट्या तिथे वाटेवर पडलेल्या असतात. इकडची मुलं त्या गोफणीला वापरतात म्हणे! ती मी पर्समध्ये टाकली आणि माझा दिवस कारणी लागला. श्रीधरचा सगळा जीव आता त्या ताऱ्याच्या दगडावर होता.

देवीची जागा पाड्याच्या टोकाला, एका मोठ्या सादड्याच्या झाडाखाली. शेंदूर लावलेले दगड आणि मधोमध सपाट शिळेवर तो ठेवलेला. नारळाएवढा, काळपट हिरवा, चकचकीत. पाड्याचे भगत राऊजी, म्हणजे देवीचं सगळं करणारे म्हातारबाबा, तिथे जागा झाडत होते. त्यांच्याबरोबर मंगळीबाईचा धाकटा दीर सोमा होता. राऊजींनी श्रीधरला चपला काढून दगड हातात घ्यायची परवानगी दिली.

श्रीधरने तो दोन्ही हातांनी उचलला. उचलतानाच त्याचे हात जरा जास्त वर गेले, वस्तू अपेक्षेपेक्षा हलकी निघाली की जातात तसे. त्याने तो उन्हासमोर धरला. कडेच्या पातळ भागातून हिरवा उजेड आला, आत बारीक बारीक बुडबुडे दिसले. भिंग लावलं. चुंबक नेलं, ते ढिम्म हललं नाही. मग त्याने एका खाचेवरून बोट फिरवलं आणि दगड परत शिळेवर ठेवला, अगदी सांभाळून.

"तारा मीच बगितला," सोमा म्हणाला. "राखनीला मीच व्हतो खाचरातल्या माल्यावर. रानडुकरं येतात ना. लाल, येवढा मोठा."

श्रीधरने मान डोलावली. नेहमीच्या सवयीने त्याने खिशातून सिगरेटचं पाकीट काढून सोमापुढे धरलं.

"मी नाय वढत," सोमा म्हणाला. "पयली बिडी व्हती. तारा पडला त्या सालापासून सोडली."

संध्याकाळी मंगळीबाईच्या ओटीवर आम्ही उतरलो. तिने आमच्याच काकड्यांतली एक किसून तांदळाच्या पिठात कालवली, गूळ घातला, पानांत गुंडाळून उकडली. गरम पान सोडवताना जो वास आला, त्यासाठी मी पुन्हा ती वाट चालेन. जुन्या तांदळाचं पीठ होतं, हे तिने मुद्दाम सांगितलं. उद्या देवीचं नवं होतं.

श्रीधरने एकच खाल्लं. हात धुवायला मी त्याच्यामागे गेले. "काय झालं?"

"बाटली आहे ती," तो म्हणाला.

"काय?"

"काच आहे गं. साधी काच. काच कशाची होते? वाळू आणि राख. भाताच्या काडीत वाळूचा अंश असतो, म्हणून तर ती हाताला कापते. आणि काडी जळली की राख आहेच. उडवी बाहेरून बंद, आतल्या आत दोन-तीन दिवस धुमसली असणार. भट्टीच झाली ती. काडीचा ठसासुद्धा आहे त्या खाचेत." तो हात पुसत राहिला. "मी आयुष्यभर हेच केलं. मला हातात घेतल्याबरोबर कळलं."

"म्हणजे तारा नाही."

"तारा नाही, विवर नाही. दरी आहे. पाण्याने कोरलेली." मग म्हणाला, "फोटोत कुणाला कळणार नाही पण."

मला चाळीस खुर्च्या दिसल्या, रंगवलेला फलक दिसला, त्याचे जुने साहेब दिसले. आणि ओटीवर कंदिलाच्या उजेडात उद्याचं भात पाखडणारी मंगळीबाई दिसली. ती आपलं वेगळं भात आपल्याच सुपात पाखडत होती. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं आणि तिच्याबद्दल त्याहून जास्त. मी पाण्याचा तांब्या उचलून ओटीवर गेले. काही गोष्टी बायकोने सुचवल्या की नवऱ्याच्या राहत नाहीत.

काठवटपाडा

सकाळी श्रीधर फाटकी पँट वरून उपरण्याने झाकून देवीच्या झाडाकडे निघाला. पाड्यातली बरीच माणसं जमली होती, बायकांचे हात सुपाकडे येत होते. त्याने राऊजींना नमस्कार केला आणि सरळ सांगून टाकलं. हा ताऱ्याचा दगड नाही. हा जळालेल्या काडीचाच झालाय. कुठल्याही उडवीचा झाला असता.

सुपाकडे येणारे हात थांबले. मंगळीबाई मागे उभी होती, तिने पदर दातांत धरला.

राऊजी चिडले नाहीत. त्यांनी श्रीधरला बसायला जागा करून दिली आणि म्हणाले, "साहेब, आमी जलमभर काडी जालतो. काडीची राख व्हते. काच व्हताना कोनी नाय बगितली. तुमी दावा, आमी बगू."

आता आली का पंचाईत! कारखान्यात ह्याच्या दिमतीला खोलीएवढी भट्टी होती. इथे काय? पण पाड्यातल्या विळ्याकोयत्यांना सोमाच धार लावतो, त्याच्या घरामागे कोळशाची छोटी चूल आणि हाताने फिरवायचा लोखंडी पंखा होता. सगळा पाडा तिकडे निघाला, सूप तसंच झाडाखाली ठेवून.

श्रीधरने पेंढा जाळून राख केली, मोडक्या विळ्याच्या पात्यावर ठेवली, कोळशात सरकवली आणि सोमाला म्हणाला, "फिरव." सोमाने पंखा फिरवला. सगळी राख उडून श्रीधरच्या तोंडावर बसली. लहानथोर सगळे मनसोक्त हसले, राऊजीसुद्धा. मी सगळ्यांत जास्त हसले, कारण मला रडू येईल असं वाटत होतं.

दुसऱ्यांदा त्याने राख ओली करून तिची गोळी वळली. कोळसे लालचे पिवळे झाले, पिवळ्याचे पांढरट. सोमा घामाने निथळत होता. "थांबू नको," श्रीधर ओरडला, थेट कारखान्यातल्या आवाजात. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मग त्याने पातं बाहेर ओढलं. गोळीच्या जागी एक थेंब होता. लाल, मग काळपट, आणि निवल्यावर हिरवा, चकचकीत, आत एक बुडबुडा. तुरीच्या दाण्याएवढा.

राऊजींनी तो तळहातावर घेतला. हातोहात तो सगळीकडे फिरला. फिरत फिरत सोमापाशी आला, आणि सोमाने तो घेतलाच नाही. पंख्याचा दांडा धरून तो तसाच उभा राहिला.

"वयनी," तो म्हणाला. "मी झोपलो व्हतो माल्यावर. जागा झालो ता समदा लाल. मना वाटला ताराच पडला. खरा वाटला."

"आनि?" मंगळीबाई म्हणाली.

"झोपताना हातात बिडी व्हती." त्याने मान खाली घातली. "ती काय परत गावली नाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. सगळे मंगळीबाईकडे बघत होते. ती दिरापुढे जाऊन उभी राहिली.

"तुजी बिडी सुटली," ती म्हणाली, "आन माजा सूप सुटला. इतकी सालं!" तिचा आवाज चिरकला. तिने शेजारची पेंढी उचलली आणि सोमाच्या पाठीत हाणली, एक, दोन, तीन, म्हशीला हाकलावं तशी. सोमा जागचा हलला नाही. तिसऱ्या तडाख्याला पेंढी सुटून त्याच्या डोक्यावर पसरली आणि त्याला तसाच उभा बघून पहिली तीच हसली. मग कुणालाच आवरेना.

"आज देवीचा भात तू कांडायचा," तिने फर्मावलं. पुरुषाने भात कांडणं म्हणजे तिकडे केवढी थट्टा! सोमाने निमूटपणे मुसळ घेतलं. पाड्यातल्या बायका उखळाभोवती उभ्या राहून त्याला सूचना देत होत्या, आणि त्या सूचना मी इथे लिहू शकत नाही.

पण कांडण सुरू होण्याआधी राऊजींनी स्वतः झाडाखालचं सूप उचलून आणलं आणि मंगळीबाईपुढे धरलं. "आमाला तवा जा दिसला ता बोललो," ते म्हणाले. "आज ह्या दिसला. टाक बाय." तिने घरातून मूठभर नवं भात आणलं आणि मूठ उघडली. दाणे सुपात पडले. माझे डोळे भरून आले, आणि शेजारी बघते तर श्रीधर चष्मा पुसत होता. राख गेली म्हणे डोळ्यात.

नवं शिजलं, देवीला दाखवलं, पळसाच्या पानांवर वाढलं गेलं. गरम, किंचित गोडसर, वर नुसतं मीठ. श्रीधरने साखरेचं नाव न काढता दोनदा मागून घेतलं आणि मी नाही म्हटलं नाही.

जेवणं झाल्यावर मंगळीबाई शिळेपाशी गेली. "बाबा, ह्यो देवीचा नाय ना मंग?"

"नाय," राऊजी म्हणाले.

ती श्रीधरकडे वळली. "माज्या भाताचा हाय?"

"हो. तुमच्याच भाताचा."

"समदा?"

"काडीचा," श्रीधर म्हणाला. मग म्हणाला, "थोडा दाण्याचाही असेल."

तिने तो उचलून पदरात घेतला. मधला कप्पा माझ्या डोळ्यांसमोर येऊन गेला. श्रीधर मागेल असं मला वाटलं, त्याने मागितला नाही. त्या वर्षी घरात एक दाणा आला नव्हता, ती सांगत होती. नवरा वीटभट्टीवर गेला, ती पोरीचं बाळ सांभाळत राहिली. घरात शिरून तिने कणगीचं झाकण काढलं. बांबूच्या त्या उंच कोठीत नवं भात नुकतंच भरलं होतं. त्याच्या वर तिने तो हिरवा गोळा ठेवला आणि हाताने थोडं भात त्याच्यावर ओढलं.

"उशिरा आला," ती म्हणाली. "पन घरी आला."

काठ चढून जायला सोमा आमची बॅग घेऊन आला. गाडीपाशी श्रीधरने वळून पुन्हा एकदा ती गोल दरी पाहिली. "दरी म्हणूनही काही वाईट नाही," तो म्हणाला.

व्याख्यान ठरल्या दिवशी झालं. फलक त्याने बदलू दिला नाही, पण उभा राहिल्याबरोबर सांगून टाकलं की शेजारचं लोणार नाही सापडलं. खुर्च्यांत चुळबुळ झाली. मग त्याने काडीपासून सुरुवात केली, आणि पाऊण तास कुणी उठलं नाही. शेवटी त्याच्या जुन्या साहेबांनी हात वर केला. आकाशातून काही पडलंच नव्हतं, तर मग पडलं काय होतं?

"बिडी," श्रीधर म्हणाला.

हशा ओसरल्यावर साहेबांनी पुन्हा विचारलं, तो दगड तरी बघायला मिळेल का, की घरी शोकेसमध्ये ठेवलाय? माझा चहाचा सेट त्या कप्प्यात कधीच परत गेला होता.

"दगड नाही हो, भात होता तो," श्रीधर म्हणाला. "ज्यांचा होता त्यांच्या कणगीत आहे."